टीबीचे तुमचे प्रश्न : औषध असूनही माणसं का जातात?

गेल्या अंकात मी टीबीच्या उपचारांवर लिहिलं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत गोळ्यांबद्दल काही नव्हतंच. हा रोग बरा होतो, तर मग संपत का नाही, हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत होता. मी छातीच्या रोगांची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी दवाखान्यात, थुंकीच्या डब्या आणि एक्सरेच्या फिल्म यांच्यात गेली. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, स. न. मी शाळेत इतिहास शिकवतो. रॉबर्ट कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू शोधला आणि मग हा रोग हटला, असं मी मुलांना सांगत आलो. पण इंग्लंडात औषधं येण्याच्या पुष्कळ आधीच टीबीचे मृत्यू घटत होते, असं नुकतंच वाचनात आलं. मुलांना नेमकं काय सांगू?

उत्तर : सर, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉखने हा जंतू दाखवला. जागतिक क्षयरोग दिन आजही त्याच तारखेला असतो. सात मृत्यूंमागे एक मृत्यू या रोगाने होतो, असं त्याने त्या व्याख्यानात सांगितलं होतं. पण शत्रू ओळखता आला म्हणून मारता येतोच असं नाही. १८९० मध्ये कॉखनेच ट्युबरक्युलिन हा उपाय म्हणून जाहीर केला. रुग्णांची बर्लिनला रीघ लागली आणि उपाय फुकट गेला. ते ट्युबरक्युलिन आज फक्त हातावरच्या चाचणीपुरतं उरलंय. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, क्षयाने गेल्या. जंतू सापडून तेव्हा पाच वर्षं होत आली होती. त्या शोधाचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही.

पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आलं ते १९४३ मध्ये. तोवर इंग्लंड-वेल्समधले क्षयाचे मृत्यू जवळपास शंभर वर्षं घटत आले होते. थॉमस मॅकिओन या डॉक्टरांनी त्याचं श्रेय सुधारलेल्या जेवणाला दिलं. पुढे सायमन श्रेटरसारख्या इतिहासकारांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं असं, की अन्न, घरं, सांडपाणी हे काही आपोआप सुधारलं नाही; त्यामागे नगरपालिका होत्या, आरोग्य अधिकारी होते, मतदार होते, भांडणं होती. मला श्रेटर जास्त पटतात. पण ती घट औषधाने झाली नव्हती, यावर दोघांचंही एकमत आहे.

यातून काही लोक भलताच अर्थ काढतात : राहणीमान सुधारा, गोळ्यांचं काय एवढं! त्यांना मुलांसमोर जरूर खोडून काढा. औषधं आल्यावर ही घट एकदम वेगाने झाली. चांगली घरं आणि चांगला रोजगार यायला दोन पिढ्या लागतात, गोळ्यांचं काम सहा महिन्यांत होतं. आज ज्याला रक्ताची उलटी झाली, तो दोन पिढ्या थांबू शकत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला टीबी निघाला. घरीच गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, पूर्वी थंड हवेच्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये ठेवायचे, चांगलंचुंगलं खायला घालायचे, आता गरिबाची गोळ्यांवर बोळवण करतात. खरंच का हो?

उत्तर : ताई, मुलाला कुठेही हलवू नका. तो घरी बरा होईल. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, ते अर्धं कोणतं ते शेवटी सांगते.

सॅनेटोरियमची टूम १८५०च्या दशकात जर्मन डॉक्टर ब्रेमरने काढली. मग स्वित्झर्लंडचं दाव्होस आणि अमेरिकेचं सॅरनॅक लेक अशी ती पसरली. गार हवा, सक्तीची विश्रांती, भरपूर जेवण. औषध नव्हतं तेव्हा याहून काही करण्यासारखंही नव्हतं. पण जिथे रुग्ण सगळ्यांत जास्त, तिथे खाटा सगळ्यांत कमी, हे त्याही काळी होतंच.

१९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र उघडलं : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, असं चौघांचं मिळून. वॉलेस फॉक्स हे तिथले प्रमुख संशोधक. दोनशेच्या आतबाहेर गरीब रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. दोघांनाही औषधं तीच, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्षभर. एका गटाला सॅनेटोरियममध्ये खाट, विश्रांती आणि बरं जेवण मिळालं. दुसरा गट आपापल्या कोंदट खोलीत राहिला. जेवण जेमतेम होतं आणि थोडं बरं वाटलं की कामाला जावं लागत होतं. १९५९ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झालेली नव्हती. कारण घरच्यांना व्हायचा तो संसर्ग बहुतेक औषध सुरू होण्याआधीच झालेला असतो.

या निकालाने जगभरातल्या सॅनेटोरियमच्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या, श्रीमंत देशांतल्यासुद्धा. मद्रासच्या गरिबांच्या शरीरावर मिळालेलं हे ज्ञान युरोपाच्या कामी आलं. एरवी आपल्याला उलटा प्रवास शिकवला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता माझी तक्रार. या प्रयोगातून सगळ्या सरकारांनी एवढंच ऐकलं, की घरचा उपचार स्वस्त पडतो. त्या केंद्राची माणसं न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते बघत, कुणी आला नाही तर त्याला शोधून आणत. पुढच्या कार्यक्रमांनी गोळ्या उचलल्या आणि ही माणसं मागेच सोडली. मुलगा बरा होईल म्हटलं, ते तो रोज गोळी घेतो की नाही यावर कुणाचं तरी लक्ष आहे, हे धरून म्हटलं.

आणि सासूबाईंचं बरोबर असलेलं अर्धं म्हणजे जेवण. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन पाहिला. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या शिध्याने! रुग्णांपैकी ज्यांचं वजन सुरुवातीच्या महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. तेव्हा गोळ्या घरीच, पण ताट भरलेलं. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा.

प्रश्न : कवी कीट्स, संगीतकार शोपँ असे प्रतिभावंत क्षयाने गेले. प्रतिभेचा आणि या रोगाचा काही संबंध असावा का?

उत्तर : नाही. कवींची पत्रं जपली गेली, गिरणीतल्या बाईला लिहिताच येत नव्हतं, एवढाच काय तो संबंध. कीट्स १८२१ मध्ये रोममध्ये २५ वर्षांचा असताना गेला, तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या खोलीतलं सामान जाळण्यात आलं. संसर्गाची भीती घालणाऱ्या या रोगात कसली काव्यमयता!

लेखकाचंच उदाहरण हवं असेल तर जॉर्ज ऑर्वेलचं घ्या. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळतच नव्हतं. डॉलरची टंचाई होती. जे थोडं आलं, त्यातलं काही एका चाचणीत निम्म्या रुग्णांना दिलं गेलं, आणि उरलेल्यांना न देण्याचं नैतिक समर्थन हेच, की सगळ्यांना पुरेल इतकं ते देशात नाही. ऑर्वेलचे मित्र वृत्तपत्राचे संपादक होते, त्यांनी ओळखी लावून अमेरिकेतून औषध मागवलं. इस्पितळात ऑर्वेलला त्याची भयंकर रिॲक्शन आली आणि ते बंद करावं लागलं. उरलेलं दोन डॉक्टरांच्या बायकांना दिलं आणि त्या बऱ्या झाल्या, असं तिथल्या एका डॉक्टरने पुढे सांगितलं. औषध कुठून कुठे गेलं ते पाहा : संपादक, लेखक, डॉक्टरांच्या बायका. त्याच इस्पितळातल्या बाकीच्या रुग्णांची नावं कुणाला माहीत नाहीत.

प्रश्न : आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ ठामपणे सांगतात, की काही समाजांच्या रक्तातच टीबी असतो. त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर : त्यांना सांगा, की हे मत जुनं आहे आणि सोयीप्रमाणे कूस बदलत आलंय. एकोणिसाव्या शतकात कित्येक गोरे डॉक्टर म्हणत, क्षय हा आमच्यासारख्या नाजूक, सुसंस्कृत लोकांचा रोग, काळ्यांना तो होत नाही. मग काळ्या कामगारांत तो ढिगाने दिसायला लागला, तेव्हा तेच शास्त्र म्हणू लागलं, की यांचं रक्तच कमकुवत. दोन्ही वेळा घरं आणि कामाची जागा बघायची राहून गेली.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचं पाहा. तो खडक फोडला की सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि सिलिकोसिस झालेल्या छातीत टीबी पटकन घर करतो. त्यात राहायला खचाखच भरलेल्या बराकी. खोकून खोकून माणूस कामातून गेला, की त्याला गावी पाठवून द्यायचं. मृत्यू गावात व्हायचा, खाणीच्या वहीत चढायचा नाही, आणि जाताना तो रोग घरी घेऊन जायचा. या खाणकामगारांच्या दाव्यात किमान ५०० कोटी रँडची तडजोड झाली आणि ती न्यायालयाने मंजूर केली २०१९ मध्ये. शंभराहून अधिक वर्षं खाणी चालल्यानंतर.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यात औषध होतं, इस्पितळ होतं आणि सगळं फुकट होतं. १९५०च्या दशकात कॅनडाचं सरकार ‘सी. डी. हाऊ’ नावाचं जहाज आर्क्टिकमध्ये पाठवत असे. तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांना जहाजावर घेऊन एक्सरे काढायचा आणि टीबी निघाला तर अनेकदा तिथूनच दक्षिणेला न्यायचं. घरी जाऊन निरोप घ्यायचीही सोय नव्हती. १९५६ च्या सुमारास दर सात इन्युइटांमागे एक जण दक्षिणेतल्या सॅनेटोरियममध्ये होता. किती तरी परत आले नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं ते घरच्यांना कळवलं गेलं नाही. पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी मार्च २०१९ मध्ये इकालुइटला जाऊन माफी मागितली. माफीच्या थोडं आधी, २०१८ च्या सुमारासही, इन्युइटांमधला टीबी कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या जवळपास ३०० पट होता, कारण घरं अजून तशीच गर्दीची आहेत. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण ३०० पट फरक रक्ताने पडत नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, हिशेबाने विचार करतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एमडीआर टीबीच्या एका रुग्णाच्या खर्चात साध्या टीबीचे कित्येक रुग्ण बरे होतात. पैसा मर्यादित असताना आधी साधे रुग्ण घेणं न्याय्य नाही का? भावनेने नव्हे, आकड्यांनी उत्तर द्या.

उत्तर : आकड्यांनीच देते. १९९०च्या दशकातली दोन शहरं घेऊ.

न्यूयॉर्कमध्ये टीबी संपत आला असं समजून निधी कापला गेला होता. मग एचआयव्ही आला, बेघरांची संख्या वाढली आणि १९७८ ते १९९२ मध्ये रुग्ण जवळजवळ तिप्पट झाले. १९९१ मध्ये पाहणी केली तेव्हा सुमारे पाचात एक रुग्ण एमडीआर निघाला. शहर हादरलं. प्रयोगशाळा, इस्पितळांतल्या हवेची व्यवस्था, घरोघर जाणारी माणसं या सगळ्यावर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि साथ आटोक्यात आली. हे किफायतशीर आहे का, असं तिथे कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास पेरूमध्ये, लिमाच्या उत्तरेकडच्या काराबायो वस्तीत, तोच एमडीआर पसरत होता. पेरूचा टीबी कार्यक्रम जगात आदर्श मानला जात होता, आणि साध्या टीबीपुरता तो आदर्श होताही. पण पहिल्या फेरीत बरा न झालेल्याला काय द्यायचं? नियम असा होता, की तीच औषधं पुन्हा आणि जोडीला एक जास्तीचं. जंतू ज्या औषधांना आधीच निर्ढावलेला, तीच औषधं. त्यात नवीन एक घातलं, की जंतू त्यालाही निर्ढावणार. यानंतरची औषधं गरीब देशांत ‘किफायतशीर नाहीत’ असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचं मत होतं. म्हणजे तुमचंच मत.

ही दुसरी फेरी मला पुस्तकातून ठाऊक नाही. आमच्याकडेही ती होती. नव्या रुग्णाला औषधांची लाल पेटी, जुन्याला निळी. निळी पेटी संपवूनही थुंकी पॉझिटिव्ह असलेला माणूस समोर बसायचा, तेव्हा देण्यासारखी तिसरी पेटी कपाटात नसायची. त्याला काय सांगायचं, याचं परिपत्रक कधी आलं नाही. ती निळी पेटीवाली पद्धत वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते २०१७ मध्ये.

काराबायोत अमेरिकी डॉक्टर पॉल फार्मर, जिम किम आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी नियम बाजूला ठेवला. थुंकीचे नमुने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला पाठवून तपासले, प्रत्येकाची औषधं वेगळी ठरवली, वस्तीतल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. २००३ मध्ये त्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. चार महिने किंवा जास्त उपचार घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे झाले होते. तेही झोपडपट्टीत, घरी राहून.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. त्यात औषधाची किंमत तुम्ही स्थिर धरली आहे. चूक तिथे आहे. ती औषधं बहुतेक जुनी होती, पेटंट संपलेली. महाग होती कारण मागणी तुटपुंजी आणि बनवणारे मोजके, आणि मागणी तुटपुंजी का, तर ‘किफायतशीर नाही’ म्हणून कुणी मागवत नव्हतं. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली एकत्र खरेदीची व्यवस्था झाली आणि काही औषधांच्या किमती ९० टक्क्यांहून जास्त उतरल्या. व्याजाचा दर मोठ्या कर्जदारासाठी कसा खाली येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. कोण मागतंय आणि किती मागतंय, यावर आकडा ठरतो. ज्या किमतीवर ‘परवडत नाही’चा निवाडा झाला, ती किंमत त्या निवाड्यानेच वर धरून ठेवली होती.

खर्चाची दुसरी बाजूही तुम्ही शून्य धरली आहे. उपचार न दिलेला एमडीआर रुग्ण खर्चाविना नाहीसा होत नाही. तो खोकत राहतो आणि त्याच्याकडून दुसऱ्याला जातो तो थेट एमडीआरच. दक्षिण आफ्रिकेत टुगेला फेरी या ग्रामीण भागात २००५-०६ मध्ये याच्याही पुढचा, एक्सडीआर प्रकार सापडला. रुग्ण ५३, मृत्यू ५२. त्यातल्या कित्येकांना आधी कधी टीबी झालेलाच नव्हता. म्हणजे हा बिघडलेला जंतू त्यांना दुसऱ्याकडून आयता मिळाला होता.

प्रश्न : मी डी. फार्म.ला आहे. बेडाक्विलिन ही एमडीआर टीबीवरची गोळी एकाच कंपनीची असून देशागणिक तिची किंमत वेगळी होती, असं सरांनी सांगितलं. असं कसं चालतं?

उत्तर : चालतं, कारण पेटंट असतं. आधी ते नसलेली गोष्ट सांगते. आयसोनियाझिड प्रागमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच बनवलं होतं, पण ते टीबीवर चालतं हे कळलं १९५०च्या सुमारास, तेही तीन कंपन्यांना एकाच वेळी. रेणू जुना, त्यामुळे त्यावर कुणाला हक्क सांगता येईना आणि औषध पहिल्यापासून स्वस्त राहिलं. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात १९५२ मध्ये त्याच्या गाजलेल्या चाचण्या झाल्या. तिथल्या गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीने नोकऱ्या सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी दक्षिणेकडून काळ्या परिचारिका आणल्या होत्या, ज्यांना अनेक इस्पितळं दारातही उभं करत नसत. गोळी देणं, नोंदी ठेवणं त्यांनीच केलं. शोधनिबंधांवर नावं डॉक्टरांची.

बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. टीबीसाठी चाळीसहून अधिक वर्षांत आलेला हा पहिला नव्या जातीचा रेणू. जॉन्सन अँड जॉन्सनने सहा महिन्यांच्या उपचाराचे तीन दर लावले : श्रीमंत देशांना सुमारे ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,०००, गरिबांना ९००. ऐकायला न्याय्य वाटतं ना? पण जगातले बहुतेक एमडीआर रुग्ण त्या ‘मधल्या’ देशांतच राहतात. देश मध्यम म्हणून रुग्ण मध्यम होत नाही.

मग रेटा सुरू झाला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने बेडाक्विलिन सरसकट वापरायचं ठरवलं आणि किंमत ४०० डॉलरवर आणवली. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीला ते औषधाच्या क्षारावरच्या दुसऱ्या पेटंटच्या आधारे आणखी चार वर्षं ओढायचं होतं. त्याला भारतीय पेटंट कार्यालयात दोन तरुणींनी हरकत घेतली : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झाला होता आणि जुन्या इंजेक्शनांनी दोघींचं ऐकू येणं गेलं होतं. कानामायसिनसारखी ती इंजेक्शनं टाळता यावीत, यासाठीच तर ही गोळी हवी होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. जेनेरिक गोळ्या आल्या आणि त्याच वर्षी जागतिक खरेदी यंत्रणेतला दर १३० डॉलरपर्यंत उतरला. ३,००० वरून १३०. रेणू तोच.

तपासणीचंही तेच. जीनएक्स्पर्ट यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली. दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे दोन्ही कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास निम्मे रुग्ण सुटून जातात, तिथे हे यंत्र म्हणजे वरदान. दर तपासणीला लागणारं त्याचं काडतूस (कार्ट्रिज) गरीब देशांना सवलतीत ९.९८ डॉलरला मिळे. ते पाच डॉलरला देता येईल, असा हिशेब मांडून कार्यकर्ते वर्षानुवर्षे मागे लागले होते. २०२३ मध्ये ते ७.९७ डॉलरवर आलं. पाचवर तेव्हाही आलं नाही. तुम्ही औषधांच्या धंद्यात उतरणार आहात, तेव्हा हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : लहानपणी बीसीजी घेतलं होतं, तरी टीबी कसा झाला?

उत्तर : बीसीजी तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवतं. मोठ्यांच्या फुप्फुसाला त्याचा भरवसा नाही. ही लस १९२१ ची आहे आणि आजही टीबीची सर्वत्र वापरली जाणारी लस एकच, ती हीच. नव्या एका लसीने प्राथमिक चाचणीत मोठ्यांमधला टीबी निम्म्यावर आणला होता. तिची अंतिम चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः धर्मादाय पैशावर. कोविडची लस वर्षाच्या आत आली, कारण तो रोग सगळ्यांच्या घरात शिरला होता.

प्रश्न : २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्याचं वाचलं. टीबीवर परिणाम होतो का?

उत्तर : होतो. टीबीसाठी सरकारांनी दिलेल्या मदतीत सगळ्यांत मोठा वाटा अमेरिकेचाच होता. आफ्रिका-आशियातल्या अनेक देशांत प्रयोगशाळा, नमुने पोचवणारी माणसं, वस्तीतले कार्यकर्ते त्यावर चालत. आधीही फार होतं असं नाही : वर्षाला २,२०० कोटी डॉलर लागतील असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं, २०२३ मध्ये हाती होते ५७० कोटी. त्याच वर्षी १ कोटी ८ लाख लोकांना हा रोग झाला आणि साडेबारा लाख गेले. गोळ्या मध्येच थांबल्या तर जंतू औषधांना निर्ढावतो; त्यापुढे काय होतं, ते वर बँकवाल्या काकांच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : पत्नीला फुप्फुसाचा टीबी निघाला, औषध आठ दिवसांपूर्वी सुरू झालं. घरात चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आणि माझी आई. भांडी वेगळी केली आहेत. अजून काय करू?

उत्तर : भांडी पुन्हा एकत्र करा. हा रोग ताटावाटीतून जात नाही, हवेतून जातो. खिडक्या उघड्या ठेवा, पहिले काही आठवडे पत्नीने मास्क लावावा. नीट लागू पडणारं औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने कमी होतो, त्यामुळे त्यांना कोपऱ्यात बसवू नका. त्यांच्या थुंकीची औषधरोधाची तपासणी झाली आहे का, ते केंद्रात विचारा. झाली नसेल तर आग्रह धरा.

चौघांचीही तपासणी करून घ्या, तुमची धरून. पाच वर्षांखालचं मूल सगळ्यांत नाजूक. त्याला टीबी नाही ही खात्री झाली, की प्रतिबंधक उपचार सुरू व्हायलाच हवा. नऊ वर्षांच्या मुलाला आणि आईलाही तो देता येतो. सहा महिने रोज आयसोनियाझिड हा जुना मार्ग, किंवा रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. दुसरा सोपा आहे. रिफापेंटिनची किंमत २०१९ मध्ये ४५ डॉलरवरून १५ वर आल्यापासून तो जास्त ठिकाणी मिळू लागलाय. कोणता द्यायचा ते डॉक्टर वय, वजन आणि पत्नीचा तपासणी अहवाल बघून ठरवतील. ‘मुलं तर खोकत नाहीत, नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. मुलांना घेऊन याच आठवड्यात जा, माझ्या पुढच्या सदराची वाट पाहू नका.